लेझर लावला की शिखर लालकडे सरकतं: सोन्याचा कण, सोन्याचा आरसा आणि मधली फट

सोन्याच्या आरशावर बसवलेल्या सोन्याच्या कणांवर काम करणाऱ्यांची तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "सकाळी डार्क-फील्डमध्ये कणाचं शिखर ७९० नॅनोमीटरला होतं. मग रामनसाठी ६३३चा लेझर एक मिनिट लावला. परत पांढऱ्या प्रकाशात पाहिलं तर ८२५. फट कोसळली का?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं वाक्य: "थायॉल जुनं झालंय बहुतेक." (डार्क-फील्ड म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर फक्त कणाने विखुरलेला प्रकाश पाहणं; शिखर म्हणजे त्या प्रकाशाच्या वर्णपटातली सर्वात तेजस्वी तरंगलांबी; रामन म्हणजे विखुरलेल्या लेझर-प्रकाशातून रेणू ओळखणं; थायॉल म्हणजे गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणारा, कण आणि आरसा यांच्यामधली फट राखणारा रेणू.)

थायॉलला फासावर चढवायची घाई नको. मीही एकदा ती केली होती. नवी बाटली उघडली, नवे नमुने केले, तीन वेळा. शिखर तिन्ही वेळा सरकलं. शेवटी दोष निघाला सूक्ष्मदर्शकाच्या फोकसच्या चाकात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. तेव्हापासून कुणी हे दुखणं घेऊन आलं की मी ठरावीक क्रमाने तपासतो, आणि या क्रमात रसायनाची पाळी बरीच उशिरा येते.

कोणत्या नमुन्याबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. ८० नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण, खाली सोन्याची गुळगुळीत फिल्म, मध्ये बायफिनाइल-४-थायॉलचा एका रेणूच्या जाडीचा थर, म्हणजे साधारण १.३ नॅनोमीटरची फट. तुमचा कण ६०चा असेल, मधला थर वेगळा असेल, तर आकडे बदलतील. तपासण्याची रीत तीच राहील.

एकच लक्षण, तीन कारणं

कणातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर झुलतात, तो प्लाझ्मॉन. कण एकटा असेल तर हा झोका हिरव्या प्रकाशाशी जुळतो, ५३० ते ५५० नॅनोमीटरच्या आसपास. खाली धातूचा आरसा आला की चित्र पालटतं. कणाच्या तळाशी जो प्रभार जमतो त्याचं उलट्या चिन्हाचं प्रतिबिंब आरशात पडतं आणि कण स्वतःच्याच प्रतिमेशी बांधला जातो. प्रतिमा-प्रभाराची ही युक्ती विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८४०च्या दशकात मांडली ती जागच्या जागी बसलेल्या प्रभारासाठी. आपला प्रभार सेकंदाला पावणेचारशे लाख कोटी वेळा झुलतो, तरी पहिल्या अंदाजासाठी ती युक्ती चालते. या बांधणीमुळे झोका मंदावतो आणि शिखर हिरव्यातून उडी मारून ८००च्या घरात जातं.

आता फटीला चिमुकला कपॅसिटर समजा. कपॅसिटरची धारकता तीन गोष्टींनी वाढते: दोन पाट्यांमधलं अंतर घटलं, पाट्यांचं क्षेत्रफळ वाढलं, किंवा मधला पदार्थ बदलून त्याचा अपवर्तनांक वाढला. तिन्ही वेळा वारंवारता खाली येते, शिखर लालकडे जातं. म्हणजे ७९०चं ८२५ झालं एवढ्यावरून फट कमी झाली, कणाच्या तळाचा सपाट पैलू रुंदावला की फटीत पाणी किंवा कार्बनी कचरा शिरला, हे सांगताच येत नाही. तिघांचा वर्णपट सारखाच दिसतो.

लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे. "शिखर एवढं सरकलं म्हणजे फट ०.९ झाली" असा हिशेब सिम्युलेशनमधून काढून मोकळे होतात. पैलूचा व्यास स्थिर धरला म्हणून तो आकडा निघाला, हे विसरलं जातं. शिवाय एक नॅनोमीटरच्या खाली साधी, पुस्तकी प्रकाशशास्त्राची गणितं जेवढं लाल सरकणं दाखवतात तेवढं प्रत्यक्षात होत नाही. धातूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना रेटतात, प्रभार पृष्ठभागावर कागदासारखा पातळ न बसता थोडा आत पसरतो. २०१२ साली सोन्याचे गोळे आणि सोन्याची फिल्म यांच्यामध्ये कमी-जास्त लांबीचे अल्केनथायॉल ठेवून हा फरक दाखवला गेला. त्यामुळे शिखरावरून फटीचा आकडा दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत लिहिलेला दिसला की मी तो आलेख बाजूला ठेवतो.

आधी मोजमापावर संशय

लेझर लावण्याआधीच एक काम करा. एक कण निवडा, वर्णपट घ्या, स्टेज हलवून दूर जा, परत या, फोकस पुन्हा लावा, वर्णपट घ्या. असं दहा वेळा. या दहा शिखरांचा आपसातला पसारा किती आहे? तो १० नॅनोमीटर निघाला तर लेझरनंतर दिसलेल्या १२ नॅनोमीटर सरकण्याला काही अर्थ नाही. ही चाचणी करायला अर्धा तास लागतो. ती न केल्यामुळे माझे कित्येक आठवडे गेले.

पसारा येतो कुठून? मुख्यतः रंगदोषातून. ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचं नमुन्याकडचं भिंग) कितीही भारी असलं तरी त्याची रंगदुरुस्ती बहुधा दृश्य प्रकाशापुरती केलेली असते. ७००च्या पुढे गेलं की निरनिराळ्या तरंगलांब्या निरनिराळ्या उंचीवर एकवटतात. डोळ्याने आपण फोकस लावतो तो हिरव्या-पिवळ्या प्रकाशात, कारण डोळा तिथेच तीक्ष्ण असतो. आणि मोजायचं असतं ८००ला. त्यात प्रकाश फायबरच्या बारीक तोंडातून किंवा पिनहोलमधून वर्णपटमापकात जात असेल तर फोकसबाहेरची तरंगलांबी अर्धी गाळली जाते. उंची अर्ध्या मायक्रोमीटरने चुकली की वर्णपट एका अंगाला कलतो आणि शिखर सरकल्यासारखं दिसतं.

माझ्या बाबतीत झालं होतं ते असं. पांढऱ्या प्रकाशात मोजायचो तेव्हा फोकस कणाच्या प्रतिमेवर. लेझरकडे वळलो की लेझरचा ठिपका सर्वात लहान दिसेल तिथे चाक फिरवायचो. मग पुन्हा पांढरा प्रकाश, पण चाक तसंच. लेझरने कणाला काही केलं नव्हतं. मी उंची बदलली होती.

उपाय: एका उंचीवर वर्णपट घेऊच नका. फोकसच्या वर आणि खाली एक-दीड मायक्रोमीटरपर्यंत, १०० ते २०० नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी वर्णपटांची चळत घ्या. मग प्रत्येक तरंगलांबीसाठी जिथे तीव्रता सर्वात जास्त आली ती उंची धरून वर्णपट जोडा. स्टेजला पिझो (विजेने अगदी बारीक पायऱ्यांनी हलवणारं यंत्र) नसेल तर हाताने पाच उंचींवर घ्या, तेही एकापेक्षा कितीतरी बरं.

दुसरा सापळा संदर्भाचा. कणाच्या वर्णपटातून शेजारच्या रिकाम्या जागेचा वर्णपट वजा करायचा आणि पांढऱ्या, सर्व दिशांना सारखा प्रकाश विखुरणाऱ्या पाटीच्या वर्णपटाने भागायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाटीचा वर्णपट सकाळी दिवा लावल्या-लावल्या घेतलेला असतो आणि कणाचा दुपारी. हॅलोजन दिवा तापून स्थिर व्हायला वेळ घेतो, आणि तोपर्यंत त्याचा रंग बदलत राहतो. शिवाय सिलिकॉनचा कॅमेरा ९००च्या पुढे आंधळा होत जातो. तिथे भागाकारात लहान आकड्याने भागलं जातं आणि नसलेली शिखरं उगवतात. तुमचं शिखर ९००च्या पलीकडे "गेलं" असेल तर आधी न भागलेले आकडे पाहा.

तिसरा सापळा सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ७८५चा लेझर अडवणारी गाळणी मार्गातून काढायची राहते. पांढऱ्या प्रकाशातल्या वर्णपटाला बरोबर ७८५ला खड्डा पडतो, आणि ७९०च्या एका शिखराची दोन शिखरं होतात. मग "मोड (झोक्याचे प्रकार) दुभंगले, धातूचा पूल तयार झाला" अशी चर्चा रंगते. खड्डा प्रत्येक कणात अगदी त्याच तरंगलांबीला असेल तर ती गाळणी आहे. कण इतके शिस्तीचे नसतात.

शेजाऱ्याला विचारा

मोजमाप पक्कं झालं, तरी शिखर सरकतंय. आता लेझर न खाल्लेला शेजारी कण पाहा. दहा-वीस मायक्रोमीटर दूरचा, त्याच दिव्याखाली तेवढाच वेळ राहिलेला. तोही तितकाच सरकला असेल तर लेझर निर्दोष आहे.

बहुतेक वेळा मग गुन्हेगार असतं पाणी किंवा सायट्रेट. बाजारातले सोन्याचे कण सायट्रेटच्या वेष्टणात येतात. कण आरशावर बसतात तेव्हा थोडं सायट्रेट, थोडं पाणी फटीच्या कडेला अडकून राहतं. नमुना वाळत जातो तसा फटीभोवतीचा अपवर्तनांक बदलतो. पाण्याचा १.३३, हवेचा १, आणि प्रकाशाचं विद्युत क्षेत्र सगळं फटीत कोंबलेलं, त्यामुळे कडेची ओलही शिखराला जाणवते. पाणी उडालं की शिखर निळ्याकडे जायला हवं, ओल शिरली की लालकडे. ताजा नमुना कोरड्या नायट्रोजनखाली काही तास ठेवून मग मोजा; सरकणं थांबलं तर कारण सापडलं. कण बसवल्यावर शुद्ध पाण्याने नीट धुवायला आळस करू नका. मीठ घालून कण झटपट बसवत असाल तर जास्तच धुवा, नाहीतर वाळलेल्या मिठाचे खडे अंधाऱ्या पार्श्वभूमीवर कणांसारखेच चमकतात.

शेजारी सरकला नाही आणि लेझर खाल्लेलाच सरकला? आता खरी गोष्ट सुरू होते.

लेझर नक्की करतो काय

लेझरच्या शक्तीचा आकडा फसवा असतो. "फक्त १०० मायक्रोवॉट लावले" असं सांगतात. ६३३ नॅनोमीटरचा लेझर ०.९ संख्यात्मक छिद्राच्या (किती तिरका प्रकाश पकडता येतो त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हमधून गेला की ठिपक्याचा व्यास साधारण ०.८६ मायक्रोमीटर होतो. एवढ्याशा जागेवर १०० मायक्रोवॉट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १७,००० वॉटच्या आसपास. भर दुपारचं ऊन चौरस सेंटिमीटरला ०.१ वॉट देतं. म्हणजे उन्हाच्या दीड लाख पटींहून जास्त. हे झालं फटीबाहेर. फटीत क्षेत्र शेकडो पटींनी वाढतं आणि तीव्रता त्याच्या वर्गाने, म्हणजे दहा हजार पट आणि त्याहून पुढे. आता "फक्त" हा शब्द परत घ्या.

तरी "कण वितळला" हे उत्तर लगेच देऊ नका. सोन्याचा द्रवणांक १०६४ अंश सेल्सियस. कण धातूच्या फिल्मवर बसलेला आहे, ती उष्णता चटकन पसरवते. सतत चालणाऱ्या लेझरच्या अशा शक्तींना तापमान द्रवणांकाच्या जवळपासही जायची गरज नाही. सोन्याचे पृष्ठभागावरचे अणू मुळातच फार घट्ट बसलेले नसतात. काठावरचे, पायरीवरचे अणू खोलीच्या तापमानालाही हलतात, आणि प्रकाश त्यांना आणखी हलवतो. कणाच्या तळाचे अणू सरकून पैलूच्या कडेला जाऊन बसतात, पैलू रुंदावतो, कपॅसिटरची पाटी मोठी होते. फट जशीच्या तशी, रेणू जागच्या जागी, आणि शिखर दहा-वीस नॅनोमीटर लालकडे. हिऱ्याला पैलू पाडणारा माणूस असतो, इथे ते काम प्रकाश करतो.

पैलू रुंदावणं ओळखायचं कसं? काळासोबतची चाल पाहा. लेझर पाच सेकंद, पांढरा प्रकाश, लेझर पाच सेकंद, पांढरा प्रकाश, असं वीस-तीस फेऱ्या. पैलू वाढत असेल तर सरकणं सुरुवातीला जलद, मग मंद, मग थबकतं. आणि लेझर बंद ठेवून तासाभराने पाहिलं तरी परत फिरत नाही. ओल किंवा तापमानाचा खेळ असेल तर लेझर बंद केल्यावर शिखर निदान काही अंशी माघारी येतं. फटीतल्या रेणूंचं रसायन बदलत असेल तर रामनच्या रेषांत ते दिसायला हवं: ओळखीच्या रेषा मंदावतात, १३०० ते १६०० सेंटिमीटर-व्यस्त या पट्ट्यात कार्बनचा रुंद, घाणेरडा कुबड उगवतो. शिखर सरकलं पण रेणूच्या रेषा स्वच्छ आणि त्याच गुणोत्तरात आहेत, तर रेणूंना सोडा आणि धातूकडे बघा.

शिखर निळ्याकडे सरकलं तर? ते क्वचित होतं, पण झालं तर लक्ष द्या. फटीतून थोडा प्रवाह वाहू लागला, म्हणजे धातूचा बारीक धागा जुळला, की कपॅसिटरच्या पाट्यांवरचा प्रभार गळू लागतो आणि शिखर निळ्याकडे झुकतं. धागा जाड होत गेला की मोड एकमेकांत मिसळतात, एका शिखराची दोन होतात, दोन शिखरं जवळ येऊन एकमेकांना टाळून पुढे जातात. असं वागणारा कण फुकट गेला असं समजू नका. लेझरने धातू जुळताना एका कणात बघायला मिळणं ही चैन आहे. फक्त हा निष्कर्ष काढण्याआधी वरची गाळणी आठवा.

आणखी एक प्रकार दोष नाहीच, तरी तक्रारीत येतो. रामनच्या वर्णपटात अचानक नव्या, तीक्ष्ण रेषा येतात, काही सेकंद टिकतात, नाहीशा होतात. डार्क-फील्डचं शिखर मात्र जागचं हलत नाही. फटीतला एखादा सोन्याचा अणू पृष्ठभागातून डोकं वर काढतो आणि त्याच्या टोकाशी प्रकाश आणखी आकसतो, एकाच रेणूच्या आकाराएवढा. याला पिकोकॅव्हिटी म्हणतात. २०१६ साली अतिशीत तापमानाला तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला, कारण थंडीत ती जास्त वेळ टिकते. खोलीच्या तापमानाला ती लुकलुकते एवढंच. सरासरी काढून तो "आवाज" पुसून टाकू नका. प्रत्येक सेकंदाचा वर्णपट वेगळा साठवा.

लेझरवर इलाज

शक्तीची शिडी लावा. ताजा कण घ्या, २, ५, १०, २०, ५० मायक्रोवॉट. प्रत्येक पायरीवर तोच वेळ, आणि प्रत्येक पायरीनंतर पांढऱ्या प्रकाशात चळत. जिथे पहिल्यांदा सरकणं तुमच्या पसाऱ्याबाहेर जातं, त्याच्या निम्म्या शक्तीवर काम करा. रामनचा सिग्नल कमी पडतोय असं वाटलं तर वेळ वाढवायचा मोह होतो. तिथेही सांभाळा: निम्मी शक्ती दुप्पट वेळ ही अदलाबदल नेहमी बरोबरीची नसते, कारण काही बदलांना एक उंबरठा असतो आणि काही नुसते जमा होत जातात. शिडी एकदा वेळेचीही लावून बघा.

तरंगलांबी बदलणं ही दुसरी चाचणी, आणि मला वाटतं सर्वात बोलकी. तुमचं शिखर ८००जवळ असेल तर ७८५चा लेझर जवळपास त्याच्या माथ्यावर बसतो, ६३३चा बाजूच्या उतारावर. नुकसान रेझोनन्समुळे, म्हणजे लेझरचा ताल प्लाझ्मॉनच्या झोक्याशी जुळल्यामुळे, होत असेल तर तेवढ्याच शक्तीला ७८५ जास्त करेल. दोघांनी सारखंच केलं तर फटीतल्या क्षेत्राखेरीज दुसरं काही चाललंय. ५३२ मात्र सोन्यावर शक्यतो नकोच. त्याच्या आसपास सोन्यात खालच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन वर उचलले जाऊ लागतात, शोषण वाढतं, आणि कपलिंगचा, म्हणजे कण-आरसा बांधणीचा, फायदा काहीच मिळत नाही. हात दाखवून अवलक्षण.

हवेचा हात आहे का हे पाहायचं असेल तर नमुना नायट्रोजनच्या प्रवाहात ठेवून तीच शिडी पुन्हा चढा. थायॉलचं गंधक ऑक्सिजनच्या संगतीत ऑक्सिडाइझ होतं आणि सोन्यावरची पकड सुटते. नायट्रोजनमध्ये सरकणं मंदावलं तर मी माझे शब्द मागे घेतो, या वेळी थायॉलच दोषी आहे. म्हणजे बाटलीतलं नव्हे, फटीतलं.

रेणू आणि धातू यांचा वाद मिटवायचा शेवटचा मार्ग म्हणजे मधला थरच बदलणं. रेणूंऐवजी अणुथर पद्धतीने बसवलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, दोन-तीन नॅनोमीटर. ते आकसत नाही, जळत नाही. तरीही शिखर सरकलं तर वरचा कण आकार बदलतोय. सोन्यावर हा ऑक्साइड सुरुवातीला सलग न बसता बेटाबेटांनी बसतो, म्हणून एक नॅनोमीटरचा थर या चाचणीला वापरू नका. ग्राफीनचा एक पापुद्राही चालतो, जाडी ०.३४ नॅनोमीटर, पण तो वीज वाहतो आणि मग फटीचं गणित आणखी वेगळं होतं. प्रश्न सोडवायला गेलो आणि नवा घेऊन आलो असं नको.

नमुन्यातच खोट असेल तर

याची लक्षणं लेझरआधीच दिसतात. कणागणिक शिखरं ७०० ते ९०० अशी विखुरलेली असतात. थोडा विखुर नैसर्गिक आहे: "८० नॅनोमीटर"ची बाटली म्हणजे सगळे कण ८०चे नव्हेत, आणि कण गोल नसून बहुपृष्ठी असतो, तो पैलूवर बसला, कडेवर की कोपऱ्यावर, यावर शिखर ठरतं. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. निदान शंभर-दोनशे कणांचा आलेख काढा आणि मगच नमुन्याला नाव ठेवा.

विखुर फारच असेल तर आरसा बघा. वाफेने बसवलेली सोन्याची फिल्म जशीच्या तशी वापरली तर तिचा खडबडीतपणा एक ते तीन नॅनोमीटरचा असतो. फट १.३ची आणि जमीन दोन नॅनोमीटर वरखाली. कण कशावर बसला हे कोण सांगणार. त्यापेक्षा सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर सोनं बसवा, वर चिकट द्रव्याने काचेचे तुकडे डकवा, आणि वापरायच्या वेळी तुकडा उचकटून घ्या. सिलिकॉनला टेकलेली बाजू वर येते, तिचा खडबडीतपणा नॅनोमीटरच्या आत. उचकटलेला तुकडा लगेच थायॉलच्या द्रावणात टाका. सोनं हवेतली घाण हा हा म्हणता गोळा करतं. एक मिलिमोलार द्रावण, इथेनॉलमध्ये, रात्रभर, मग इथेनॉलने भरपूर धुणं. यात काही गुपित नाही. ओझोनने सोनं साफ करायची सवय असेल तर त्यानंतर सोन्यावर ऑक्साइडचा थर राहतो, तो इथेनॉलने घालवून मगच थायॉल.

आरसा चांदीचा असेल तर नमुना काही दिवसांत काळवंडतो. ते सल्फाइड आहे, लेझरला बोल लावू नका.

कॅमेऱ्याकडे एक नजर

वर्णपटमापकाला हात लावण्याआधी रंगीत कॅमेऱ्यात कण बघा, फुकटची माहिती मिळते. फटीतला मोड उभा झुलतो, त्यामुळे त्याचा प्रकाश सरळ वर न जाता तिरका, उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. प्रतिमेत तो लाल कडं बनून दिसतो, मध्ये काळोख. आडवा मोड मात्र मधोमध हिरवा ठिपका देतो. सगळेच कण हिरवे ठिपके असतील तर आरसा आणि कण यांची जोडी जमलेलीच नाही. मध्ये जाड कचरा आहे किंवा कण आरशावर नाहीतच. लेझरआधी कडं होतं आणि नंतर ठिपका उरला, तर कण घसरला किंवा आकार बराच बदलला.

याच कोनामुळे ऑब्जेक्टिव्हची निवड महत्त्वाची ठरते. ०.९ छिद्राचं ऑब्जेक्टिव्ह ६४ अंशांपर्यंतचा प्रकाश गोळा करतं, ०.८चं ५३ अंशांपर्यंत, ०.५चं फक्त ३०. ०.५ने पाहिलं तर लाल शिखर जवळजवळ गायब, आणि "कपलिंग होत नाही" अशी नवीच तक्रार जन्माला येते. दोन दिवसांची तुलना करताना ऑब्जेक्टिव्ह तेच होतं ना, हे वहीत पाहून घ्या. ही चूकही मी केलेली आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सर्वात शेवटी. कणाचा आकार आधी बघून मग प्रकाशात मोजायचा हा क्रम तर्काला पटतो, पण इलेक्ट्रॉनांचा झोत कणावर कार्बनचा लेप चढवतो आणि फटीतले रेणू मोडतो. त्यानंतर मोजलेलं शिखर त्या कणाचं नसतं. नकाशासाठी आरशावर ओरखड्याची खूण करा, प्रकाशातलं सगळं उरका, आणि मग तो कण झोताखाली न्या. ज्याचं शिखर ३५ नॅनोमीटर सरकलं तो आणि ज्याला लेझर शिवलाही नाही तो शेजारी, दोघांचे फोटो एकाच मोठेपणात, नमुना तिरका करून घ्या. वरून फक्त कणाची पाठ दिसते; पैलू तळाशी आहे.